संकेतस्थळावरील ओळख आणि दोन खात्यांची जोडणी

परगावाहून आलेला मुलगा शाळेत दाखल व्हावयास येतो, तेव्हा पालक त्याचे नाव व इयत्ता सांगतो. परंतु मुख्याध्यापक तेवढ्यावर जनरल रजिस्टरमध्ये नोंद करीत नाहीत. ते पूर्वीच्या शाळेचा दाखला मागतात. दाखल्यावर त्या शाळेचा रजिस्टर क्रमांक असतो, जन्मतारीख अंकी व अक्षरी असते, सही व शिक्का असतो. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची आणि वडिलांचेही नाव सारखेच असलेली दोन मुले असू शकतात, हा अनुभव ग्रामीण शिक्षकांना नवा नाही. नाव जुळले म्हणून एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे चढविली, तर पुढे शिष्यवृत्तीच्या अथवा जन्मतारखेच्या वेळी केवढा घोळ होतो, हेही सर्वांस ठाऊक आहे.

संकेतस्थळे उभारणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. मात्र तेथे माणूस समोर दिसत नाही. शिक्षकांची प्रशिक्षणे, विद्यार्थ्यांची माहिती, वेतनाचे कागद अशा कितीतरी गोष्टी आता खात्यांच्या आड असतात, आणि खात्यातून झालेली प्रत्येक नोंद खातेदाराच्या सहीची समजली जाते. दुसऱ्याने केलेल्या नोंदीचा जाब शिक्षकास द्यावा लागू नये असे वाटत असेल, तर ही ओळख कशी पटविली जाते व ती कोठे फसते, हे त्याने समजून घेतले पाहिजे.

ओळख पटविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे पासवर्ड. त्याची एक हकीकत संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६०च्या दशकात सीटीएसएस नावाची व्यवस्था होती. तिच्यायोगे एकाच संगणकावर अनेकांना काम करता येई. एके दिवशी एक व्यवस्थापक पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता व त्याच वेळी दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. व्यवस्थेतील दोषामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि जो जो प्रवेश करी त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून येऊ लागली. अदलाबदल हा अपघात खरा; परंतु मूळ चूक निराळी होती. ती यादी वाचता येईल अशा रूपात ठेवलेलीच नसती, तर अपघाताने फारसे बिघडले नसते.

रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या प्रणालीतील पासवर्डांविषयी १९७९ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात या हकीकतीचा उल्लेख आहे आणि उपायही आहे. पासवर्ड साठवावयाचाच नाही. त्याचे दळलेले रूप तेवढे साठवावयाचे. पिठातून दाणे परत मिळत नाहीत, परंतु तोच दाणा पुन्हा दळला असता तेच पीठ मिळते. प्रवेशाच्या वेळी दिलेला शब्द पुन्हा दळून तो साठविलेल्या पिठाशी ताडून पाहिला की काम भागते. यात एक उणीव राहते. दोघांनी एकच शब्द निवडला असेल, तर दोघांचे पीठही सारखेच निघेल, आणि एकाचे गुपित फुटले की दुसऱ्याचेही फुटेल. म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या दाण्यात निराळी चिमूट मिसळतात. तिला त्या शास्त्रात मीठ असेच नाव आहे. शिवाय हे जाते मुद्दाम जड ठेवावे लागते. खऱ्या माणसास एकदाच दळावयाचे असते. चोरास मात्र लक्षावधी अंदाज दळून पाहावयाचे असतात. १९९९ सालची बीक्रिप्ट आणि २०१५ साली एका खुल्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन-२ या पद्धती याच तत्त्वावर चालतात.

यावरून शिक्षकांना एक परीक्षा सहज करता येईल. पासवर्ड विसरल्याचे कळविताच जे संकेतस्थळ जुनाच पासवर्ड पाठवून देते, तेथे दाणे जसेच्या तसे कोठीत पडले आहेत, असे खुशाल समजावे. तेथला पासवर्ड अन्यत्र कोठेही वापरू नये. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्तीही आता योग्य मानली जात नाही; अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली तशी शिफारस केली आणि पासवर्डाच्या लांबीवर भर दिला. सक्ती केली की तो शब्द कार्यालयातील कपाटाच्या दारावर आतून चिकटविलेला आढळतो, हे कोणास सांगावयास नको.

ओळख पटल्यावर संकेतस्थळ खातेदाराच्या ब्राउझरला एक लांबलचक, कोणास अंदाज करता येणार नाही असा क्रमांक देते. त्यास कुकी म्हणतात. पुढील प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड न मागता तो क्रमांक पाहिला जातो. म्हणून तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाते. प्रवेशानंतर हा क्रमांक नव्याने दिला जावा, तो केवळ कूटबद्ध मार्गाने जावा व बाहेर पडताच रद्द व्हावा, ही संकेतस्थळाची जबाबदारी आहे. केंद्रशाळेतील सामाईक संगणकावर नुसती खिडकी बंद करणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे, एवढे शिक्षकांच्या बाजूचे.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र पासवर्ड न मागता गुगल वा मायक्रोसॉफ्ट यांच्या खात्याने प्रवेश देण्याची सोय असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ओपनआयडी कनेक्ट ही पद्धत त्यासाठी वापरतात. तिचे स्वरूप दाखल्यासारखेच आहे. गुगल एक सही केलेले पत्र देते. त्यात पत्र कोणी दिले, कोणत्या संकेतस्थळासाठी दिले, त्याची मुदत केव्हा संपते आणि खातेदाराचा गुगलच्या दप्तरातील कायम क्रमांक कोणता, हे नमूद असते. हे सर्व तपासल्यावाचून पत्र मान्य करू नये. दुसऱ्या संकेतस्थळाच्या नावे दिलेले पत्र चालवून घेणे म्हणजे दुसऱ्या शाळेच्या नावे लिहिलेल्या दाखल्यावर प्रवेश देणे होय. पत्रात ई-मेलचा पत्ताही बहुधा असतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

समजा, एका शिक्षिकेने पूर्वी ई-मेल व पासवर्ड देऊन एखाद्या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर खाते उघडले. पुढे घाईत गुगलच्या मार्गाने प्रवेश केला आणि दुसरेच खाते निर्माण झाले. पूर्ण केलेले पाठ पहिल्यात, नवे पाठ दुसऱ्यात. दोन्ही एकत्र व्हावीत ही तिची अपेक्षा रास्तच आहे. मग ई-मेल सारखा दिसताच संकेतस्थळाने खाती आपोआप जोडावीत, यात वावगे काय? वावगे हे की, पहिले खाते तिनेच उघडले होते याला पुरावा काय? तिचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही तिच्या आधी तेथे जाऊन त्या पत्त्याने व आपल्या पासवर्डाने खाते उघडू शकतो. पत्त्याची खातरजमा होण्यापूर्वीच खाते चालू करणारी संकेतस्थळे थोडी नाहीत. काही महिन्यांनी ती शिक्षिका गुगलच्या मार्गाने येते, पत्ता जुळतो, खाती जोडली जातात. तिचे काम त्या खात्यात साठत जाते, आणि त्या लबाडाचा पासवर्ड तसाच चालू राहतो. तिला काही चुकल्याची शंकाही येत नाही. अविनाश सुधोदनन व अँड्र्यू पेव्हर्ड यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या, तेव्हा त्यांपैकी निदान ३५ सेवांत खाते आधीच बळकावून ठेवता येईल असा एक तरी दोष आढळला.

उलट दिशेनेही हेच घडते. जून २०२३ मध्ये डिस्कोप या कंपनीने असे दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन व्यवस्थेत एखाद्या संस्थेचा चालक आपल्या खात्याच्या ई-मेलच्या रकान्यात परक्याचा पत्ता, खातरजमेवाचून, लिहू शकत असे. जी संकेतस्थळे त्या रकान्यावरून माणूस ओळखीत, ती परक्याचे खाते त्याच्यापुढे उघडून देत. मायक्रोसॉफ्टने पुढे यावर उपाय योजला. परंतु दोष केवळ त्या एका कंपनीचा नव्हता. पत्र देणारी संस्था आणि तिच्या दप्तरातील कायम क्रमांक, या दोहोंच्या जोडीनेच माणूस ओळखावा, असे ओपनआयडी कनेक्टच्या नियमांत पूर्वीपासून लिहिलेले होते. पत्ता बदलतो, रजिस्टर क्रमांक बदलत नाही.

मोबाईल क्रमांकाची गोष्टही याहून निराळी नाही. भारतात बंद झालेला क्रमांक निदान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. त्या क्रमांकावर आलेला ओटीपी आज सिमकार्ड कोणाजवळ आहे एवढेच सिद्ध करतो. चार वर्षांपूर्वी खाते कोणी उघडले, हे त्यावरून कळत नाही.

मग जोडणी करावी तरी कशी? खातेदाराने प्रथम एका खात्यात प्रवेश करावा व त्याच वेळी पुन्हा एकदा आपली ओळख पटवावी. नंतर, तेथूनच, दुसऱ्या खात्याचीही ओळख त्याच्या स्वतःच्या मार्गाने पटवावी. दोन्ही खाती त्याचीच आहेत हे ठरल्यावर, आणि त्याने स्पष्ट होकार दिल्यावरच, संकेतस्थळाने ती जोडावीत. मध्यंतरी कोणी परक्याचे पत्र घुसडू नये म्हणून या फेरीस एक खुणेचा क्रमांक द्यावा आणि परत येताना तो ताडून पाहावा. जोडणी झाल्याचे दोन्ही पत्त्यांवर कळवावे, अन्यत्र चालू असलेले प्रवेश बंद करावेत, आणि खातरजमा न झालेला जुना पासवर्ड रद्द करावा. हे सारे थोडे कटकटीचे आहे खरे. परंतु दाखला आणावयास परगावी जाणेही कटकटीचेच असते, म्हणून कोणी दाखल्याची प्रथा सोडली नाही. एखादे संकेतस्थळ जोडणीच्या वेळी दोन्हीकडचा पुरावा मागू लागले, तर शिक्षकांनी त्रासून जाऊ नये. न मागणाऱ्याविषयीच शंका घ्यावी.

एक अडचण मात्र खास शाळांचीच आहे. शाळेचे खाते पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या खाजगी मोबाईल क्रमांकावर उघडलेले असते. बदली होऊन ते दुसऱ्या तालुक्यात जातात. ओटीपी त्यांच्याकडे जात राहतो, आणि नवे मुख्याध्यापक ऐन माहिती भरण्याच्या दिवशी त्यांना फोन करून तो विचारून घेतात. दोघेही सज्जन असतात, काम अडू नये एवढाच हेतू असतो. परंतु ओटीपी फोनवर सांगण्याची सवय याच रीतीने पडते, आणि पुढे भामट्याचा फोन आला तरी ती सुटत नाही. शिवाय जुने मुख्याध्यापक इच्छा नसताही त्या नोंदींचे जबाबदार राहतात. यास्तव कार्यभार देताना जडसंग्रह नोंदवही व कपाटाच्या किल्ल्या यांबरोबरच शाळेची कोणती खाती कोणत्या क्रमांकावर व कोणत्या ई-मेलवर आहेत, याचीही यादी करावी. दोघेही समोरासमोर असतानाच जुना क्रमांक काढून नवा घालावा, पासवर्ड बदलावा, अन्य उपकरणांवरील प्रवेश बंद करावेत, आणि यादीवर दोघांनीही तारखेसह सही करावी.