अठरा ताटांचा हिशेब

समजा, एटापल्ली तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट अठरा. परिपाठ आटोपला की गुरुजी हजेरी घेतात आणि स्वयंपाकघराच्या दारातून आकडा सांगतात, "आज अठरा." स्वयंपाकीणबाई पोत्यातून तांदूळ काढून काट्यावर ठेवतात. एक किलो आठशे ग्रॅम. मग डाळ, तीनशे साठ ग्रॅम. तेल नव्वद ग्रॅम. भाजी नऊशे ग्रॅम, म्हणजे किलोला थोडी कमीच. गंज चुलीवर चढतो. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलातल्या शेकडो शाळांत दिवस असाच उजाडतो. पोषण आहार म्हटला की आपल्याला खिचडी आठवते, पण खिचडीआधी असतो तो हा हिशेब. तो समजला तर योजना कुठे भक्कम आहे आणि कुठे आखूड पडते, हेही समजते.

हे आकडे आले कुठून? पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम आहे. लहान मुलाचे १०० ग्रॅम तांदूळ साधारण साडेतीनशे उष्मांक आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिने देतात. २० ग्रॅम डाळीतून सत्तरेक उष्मांक आणि साडेचार ग्रॅम प्रथिने येतात. पाच ग्रॅम तेलाचे पंचेचाळीस उष्मांक. बेरीज करून पाहा, गाडे बरोबर मुक्कामाला पोचते, पण जेमतेम. डाळ मुठीने कमी झाली की प्रथिनांचा आकडा घसरलाच. पातळ वरणाची तक्रार करणारा पालक चवीबद्दलच बोलत असतो असे नाही.

योजनेची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ची. त्या वेळी महाराष्ट्रात शिजवलेले अन्न नव्हते. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ घरी मिळे. तो तांदूळ घराच्या मोठ्या गंजात जाई, सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येई, आणि ज्याच्या नावाचा होता ते मूल दुपारी शाळेत उपाशीच बसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेले जेवण द्या, वर्षात किमान २०० दिवस द्या. तिथून चूल शाळेत आली. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले आणि २०२१मध्ये योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झाले. गावात अजूनही लोक 'खिचडी'च म्हणतात.

आता माल कसा येतो ते पाहू. तांदूळ केंद्र सरकार देते. तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून निघतो. डाळ, कडधान्य, तेल, मीठ-मसाला हा 'धान्यादी माल' ठेकेदारामार्फत शाळेच्या दारात उतरतो. भाजीपाला आणि इंधन मात्र शाळेने बघायचे. त्यासाठी मुलांच्या संख्येवर पैसे मिळतात. तांदूळ सोडून बाकी साहित्यासाठी १ मे २०२५पासून प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा दर आहे. हा भार केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलते.

चंद्रपूरच्या नागभीड, सिंदेवाही, मूल भागात हे ऐकताना एक गंमत जाणवते. हा सगळा धानाचा मुलूख. एचएमटी हे प्रसिद्ध वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. अशा गावात तांदळाची पोती बाहेरून ट्रकने येतात. पण भामरागडकडे जाताना गंमत संपते. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडचा भाग तुटतो. तिथे पावसाळ्याआधी शाळेच्या खोलीत पोती रचलेली नसतील, तर नियमातला १०० ग्रॅमचा आकडा कागदावरच राहतो. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण देता आले नाही, तर मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे २०१५चे नियम सांगतात. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस चूल पेटली नाही, तर जबाबदारी निश्चित करावी लागते.

या तांदळात एक गोष्ट चटकन दिसते. धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगाने जरा वेगळे वाटतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' ही आवई त्यातूनच उठली. ते असतात पोषणयुक्त दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने ते पाडतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. बाईंनी ते वेचून फेकले तर लोहही तिथेच गेले. या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने लोकांना वेगळी शंका येणे साहजिक होते, कारण अशा रुग्णांसाठी सुरुवातीला पाकिटांवर सावधगिरीची सूचना छापलेली असे. पुढे तज्ज्ञांच्या आढाव्यानंतर ती काढली गेली. पण सूचना काढली की मनातली शंकाही जाते असे नाही. ते काम गावात बसून बोलल्याशिवाय होत नाही.

अन्न शिजले की लगेच वाढत नाहीत. आधी शिक्षक चाखतात, शक्यतो एखादा पालकही, आणि चव नोंदवहीत सही होते. हा नियम कोरड्या शिस्तीचा नाही. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. तेलाचा वास बघणे, डाळ पाखडून घेणे, मटकीला मोड आणताना फडके स्वच्छ ठेवणे ही कामे बाई सवयीने करतात. चव नोंदवहीतली सही हे त्या सवयीवरचे दुसरे कुलूप. जेवण झाले की गुरुजी आजचा आकडा ऑनलाइन भरतात. जिथे रेंजसाठी टेकाडावर जावे लागते, तिथे हेही काम सोपे नाही.

या खटाटोपाचा उपयोग होतो का? अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातल्या मुलांच्या चाचण्या तपासून २०१९मध्ये दाखवले की पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेली मुले, वर्षभरही न मिळालेल्यांच्या तुलनेत, वाचनात १८ टक्के आणि गणितात ९ टक्के पुढे होती. २०२१च्या दुसऱ्या अभ्यासात आणखी लांबचा परिणाम दिसला. लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांच्या उंचीतली तूट कमी होती. जंगलभागात शाळेत रोज बोलली जाणारी मराठी ही अनेक माडिया, गोंड, कोलाम मुलांची घरची भाषा नाही. पहिले काही महिने शब्द ओळखीचे नसतात. ताट मात्र ओळखीचे असते.

आता पुन्हा त्या अठरा ताटांकडे येऊ. १८ गुणिले ६ रुपये ७८ पैसे म्हणजे १२२ रुपये आणि वर चार पैसे. त्यातला मोठा भाग धान्यादी मालातच जातो. उरलेल्या पैशात नऊशे ग्रॅम भाजी आणि दिवसभराचे सरपण किंवा गॅस. बल्लारपूरसारख्या शहरातल्या तीनशे पटाच्या शाळेला हाच दर २,०३४ रुपये देतो. तिथे भाजी घाऊक भावात येते, आणि तीनशे मुलांचे वरण उकळायला अठरांच्या सोळा पट लाकडे लागत नाहीत. दर एकच, पण लहान शाळेत प्रत्येक ताट महाग पडते. मनुष्यबळाचेही तसेच. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक. तीनशेच्या शाळेत चौघी असतात, एक आजारी पडली तर तिघी सांभाळतात. अठराच्या शाळेत बाईंना ताप आला की चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न थेट गुरुजींच्या अंगावर येतो. राज्यात या कामाचे मानधन महिना २,५०० रुपये आहे, तेही वर्षाचे दहाच महिने.

नवे पदार्थ येतात तेव्हाही हाच पेच पडतो. जून २०२४मध्ये राज्याने तांदळाचा पदार्थ, मोड आलेली कडधान्ये आणि खीर किंवा नाचणी सत्त्वासारखे गोड, असा तीन पदार्थांचा आहार ठरवला. त्याआधी, नोव्हेंबर २०२३मध्ये, आठवड्याला एक अंडे किंवा केळे द्यायचे ठरले होते. जानेवारी २०२५मध्ये अंड्यांचा आणि साखरेचा पैसा थांबला आणि ही सोय लोकसहभागातून करावी असे सांगण्यात आले. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या प्रमाणाचा निम्मा भाग. शहराजवळच्या शाळेला एखादा व्यापारी वाढदिवसाला अंडी देऊ शकतो. तेंदूपत्ता आणि मोहफुलांवर वर्ष काढणाऱ्या पाड्याला लोकसहभाग म्हणजे स्वतःच्याच पोराच्या ताटात स्वतःच्याच खिशातून वाढणे.

तरी ताट रिकामे राहत नाही, याचे कारण शाळेमागे दिसते. तिथे परसबाग असते. भांडी धुतलेले पाणी मुनग्याला जाते. कुठे अंबाडी, कुठे पालक, कोपऱ्यात वांगी. पावसाळ्यात बांधावर तरोटा उगवतो. घरी येताजाता खुडलेली पाने बाई ओच्यात घालून आणतात आणि वरणात टाकतात. भाजीचे नऊशे ग्रॅम भरतात ते असे.

नोंदवहीत त्या दिवशी एवढेच लिहिले जाते: पट १८, उपस्थित १८, लाभार्थी १८. तरोट्याच्या पानांसाठी रकाना नाही. म्हणूनच दर किती पैशांनी वाढला, यापेक्षा तो कशाला गुणला जातो, हे आधी पाहायला हवे. पंचवीसपेक्षा कमी पटाच्या शाळेला डोई मोजण्याआधी दिवसाची एक ठरावीक रक्कम मिळाली, तर चूल पेटवण्याचा खर्च तरी मुलांच्या संख्येवर टांगलेला राहणार नाही. गंज अठरांसाठी चढवला काय किंवा अठ्ठावीसांसाठी, काडी एकच लागते.