पाण्याची वाट (भाग ११) : बोटीच्या तळाची भोकं

घरातला निचरा बिघडला तर पाणी तुंबतं. मोरीत घोटाभर पाणी साचतं, भिंतीला ओल धरते, खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन येतात. मागच्या भागांत आपण नहाणी ट्रॅप, गच्चीचं पन्हाळं आणि रस्त्याकडेचं गटार पाहिलं. तिथं पाण्याला उतारानं बाहेर घालवायचं, एवढंच काम होतं. आजचा निचरा वेगळा आहे. तो बिघडला तर पाणी आत येतं, आणि कुणी अडवेपर्यंत येतच राहतं. समुद्रात राहणाऱ्या शिडाच्या बोटीचा, त्यातही जुन्या बोटीचा हा निचरा.

आपल्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. बोर आणि धामच्या जलाशयांवर मासेमारीच्या ज्या लहान होड्या दिसतात त्यांची रचना साधी. आत आलेलं पाणी डब्यानं उपसलं की काम झालं. समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या बोटीत मात्र माणसं स्वयंपाक करतात, भांडी घासतात, संडासला जातात, इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेतात. या प्रत्येक कामासाठी बोटीच्या अंगाला भोक पाडावं लागतं आणि त्यातली बरीचशी भोकं पाण्याच्या पातळीखाली असतात. अशा भोकात अंगातून जाणारी तोटी आणि ती आतून बंद करणारा व्हॉल्व्ह बसवतात.

अशा बोटींची आपली परंपरा लहान असली तरी अभिमानाची आहे. सेनेच्या अभियंता दलानं १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली; ती बोट इंग्लंडमधून घेतलेली सेकंडहँड बोट होती. पुढे गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं जगाला फेरी मारून आले, तेव्हा त्यांनी चार बंदरं घेतली होती. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठंही न थांबता परत आले. गाभा हलक्या लाकडाचा आणि दोन्ही अंगांनी काचतंतू व इपॉक्सीचं कवच, अशी तिची बांधणी. जगाच्या दोन फेऱ्या आणि केपटाउन ते रिओ शर्यत, असं आयुष्य जगलेल्या बोटीत शीड आणि दोर सगळ्यांना दिसतात. तळाचे व्हॉल्व्ह फक्त देखभाल करणाऱ्यालाच दिसतात, आणि माझ्या मते बोटीचा जीव तिथं असतो.

एक साधा हिशेब करू. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाचं भोक आहे आणि त्याची तोटी मोडली. त्या खोलीवर पाणी सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगानं आत घुसू पाहतं. भोकाच्या कडेनं धार आकसते, तो भाग वजा केला तरी मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एवढ्या धारेखाली सात मिनिटांत भरेल. हातपंपावर एकटा माणूस या वेगाशी फार वेळ टिकत नाही. म्हणूनच जाणते लोक प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीनं बांधून ठेवतात. तोटी मोडली की बूच भोकात घालायचं आणि हातोडीनं ठोकायचं. मऊ लाकूड भिजून फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. दोन रुपयांच्या लाकडाला मी या सगळ्या यंत्रणेत फार मान देतो.

आता कॉकपिट. बोटीच्या मागच्या बाजूला सुकाणू धरणारा बसतो ती खोलगट जागा. मोठी लाट आत कोसळली की तिथं शेकडो लिटर पाणी भरतं आणि ते लवकर बाहेर गेलं नाही तर बोट मागून जड होते. म्हणून कॉकपिटची जमीन समुद्रसपाटीच्या थोडी वर ठेवतात आणि कोपऱ्यातल्या भोकांतून नळ्या थेट बोटीच्या अंगाबाहेर नेतात. बऱ्याच जुन्या बोटींत या नळ्या फुलीसारख्या ओलांडलेल्या असतात: डाव्या कोपऱ्याची नळी उजव्या अंगाला, उजव्या कोपऱ्याची डाव्या अंगाला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणी तरी चुकून जोडलंय. पण वाऱ्यानं बोट डावीकडे कलली की डावा कोपरा खाली जातो, कधी कधी समुद्रसपाटीच्याही खाली. त्याची नळी डावीकडेच उघडत असेल तर तिचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असतं आणि समुद्र नळीतून उलटा वर चढून कॉकपिटमध्ये येतो. नळी पलीकडे नेली असेल तर तिचं तोंड बोटीबरोबर वर उचललं जातं, बहुतेक वेळा पाण्याबाहेर. कोपऱ्यातलं पाणी त्या क्षणी पूर्ण वाहून जात नाही, बोट सरळ होईपर्यंत थांबतं, पण समुद्र आत येत नाही. ओलांडलेल्या नळ्या लांब होतात, त्यांना उतार कमी मिळतो आणि दोऱ्याचे तुकडे, केस, पक्ष्यांची पिसं त्यांत लवकर अडकतात, हे खरं. तरीही जुन्या बोटीची दुरुस्ती करताना ‘सोपं करू’ म्हणून त्या सरळ करू नयेत. ज्यानं बोट आखली त्यानं कॉकपिटची उंची हा विचार धरूनच ठरवलेली असते.

धातूकडे वळू, कारण जुन्या बोटीचा खरा प्रश्न तिथं आहे.

भंडाऱ्याच्या भांड्यांमुळे विदर्भाला पितळेची ओळख करून द्यायला नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नळाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पितळी कॉकमध्ये साधारण साठ टक्के तांबं आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. घरच्या गोड्या पाण्यात हा कॉक वर्षानुवर्षं टिकतो. खाऱ्या पाण्यात मात्र जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि तांबं मागे राहतं, पण स्पंजासारखं पोकळ, ठिसूळ. यातली भीतीची गोष्ट अशी की तोटीचा आकार बदलत नाही. जाडी तेवढीच, आटे तसेच, वरून हिरवट थर. आत मात्र दम उरलेला नसतो, आणि कुणाचा पाय लागला किंवा कुणी अडकलेला दांडा जोरात फिरवला की तोटी मानेपाशी तुटते.

ओळखायची पद्धत साधी आहे. चाकूच्या टोकानं हिरवट थर खरवडायचा. निरोगी पितळ खाली पिवळंधमक चमकतं. जस्त गेलेलं पितळ गुलाबी, फिकट तांबूस दिसतं, आणि टोक दाबलं तर बारीक भुगा सुटतो. हातोडीचा हलका ठोका मारला तर चांगला धातू ठण्ण वाजतो, गेलेला बद्द वाजतो. तुटलेल्या तोटीचा काप पाहिला तर कधी कधी दोन्ही रंग एकाच वेळी दिसतात: मध्ये पिवळं कडं शिल्लक आणि बाहेरून आत सरकत आलेलं गुलाबी. ही तपासणी बोट पाण्याबाहेर असतानाच करावी. तरंगत्या बोटीत संशयित तोटीवर हातोडी चालवू नये.

यावरचा जुना उपाय म्हणजे जस्ताऐवजी कथील असलेला धातू, कासं. बोटीच्या तोट्यांसाठी जे कासं वापरतात त्यात सुमारे ८५ टक्के तांबं आणि बाकी कथील, शिसं, थोडं जस्त असतं. आपल्या काशाच्या वाटीत कथिलाचं प्रमाण याहून बरंच जास्त. बाजारात पितळी आणि काशाच्या तोट्या सारख्याच पिवळसर दिसतात आणि दुकानदारही पितळी तोटी कधी कधी काशाच्या नावानं देतो. युरोपात तर १९९४ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानं ‘गंज न धरणारा’ धातू म्हणजे पाच वर्षं दोष न दाखवणारा धातू अशी व्याख्या केली. त्या व्याख्येत साधं पितळही बसलं, आणि कारखान्यांनी ते बसवलं. वीस-पंचवीस वर्षं वापरायच्या वस्तूला पाच वर्षांची कसोटी लावणं मला अजिबात पटत नाही. जी बोट आपण दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून घेतो, तिची ती पाच वर्षं कधीच उलटून गेलेली असतात. जस्त सुटू न देणारं खास मिश्रणाचं पितळ मिळतं, ते चालतं. काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या तोट्याही चांगल्या आहेत. त्यांना गंजाचा प्रश्नच नाही. घराच्या पाइपलाइनचा पांढरा पीव्हीसी व्हॉल्व्ह मात्र पाण्याच्या पातळीखाली कधीही लावू नये.

बदलताना पहिलं काम नळी काढण्याचं. जुनी नळी ओढू नये, ओढताना जोर तोटीवर येतो. धारदार चाकूनं लांबीत चीर द्यावी, ती सालीसारखी सुटते. तोटीचा बाहेरचा, छत्रीसारखा पसरट भाग ग्राइंडरनं उतरवला की उरलेली तोटी बाहेरून आत ठोकून काढता येते. आणि मग जे भोक समोर येतं ते नीट पाहावं. म्हादेईसारख्या लाकडी गाभ्याच्या बोटीत या भोकाच्या कडेनं वर्षानुवर्षं पाणी गाभ्यात मुरलेलं असू शकतं. भोकाभोवतीचं ओलं लाकूड बोटभर खोलीपर्यंत कोरून काढायचं, उरलेलं पूर्ण सुकू द्यायचं आणि ती पोकळी घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरायची, म्हणजे तोटी पुढे लाकडाला शिवणारच नाही. सुकवण्याला घाई चालत नाही. कोकण किनाऱ्यावर बोटी पावसाळ्यात वर ओढतात. तेव्हा धातू तपासून घ्यावा, पण इपॉक्सीचं काम जुलैच्या दमट हवेत करू नये, ती चिकट राहते आणि पुढचा थर धरत नाही.

आट्यांकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही. अंगातून जाणाऱ्या तोटीचे आटे सरळ असतात, बऱ्याच व्हॉल्व्हचे निमुळते. दोन्ही एकमेकांवर बसवले तर दोन-तीन वेढे धरतात आणि मग अडकतात. अडकलं की घट्ट बसल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात सगळा भार त्या दोन-तीन वेढ्यांवर असतो. आटे जुळणारेच घ्यावेत, आणि शक्य असेल तिथं रुंद बैठकीचा व्हॉल्व्ह तळाला बोल्टनं पक्का करावा. अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या मानकात अशा व्हॉल्व्हनं ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा भार ३० सेकंद सोसावा अशी अट आहे. जडसर माणूस सामान घेऊन त्यावर घसरला तरी तो टिकला पाहिजे, हा तिचा अर्थ, आणि तो मला योग्य वाटतो.

बाकीचं थोडक्यात. बैठकीखाली पाण्याखालच्या कामाचं पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरपूर लावावं. बाथरूमचं सिलिकॉन इथं उपयोगाचं नाही. नट आवळताना चहूबाजूंनी सीलंटचं सलग वेटोळं बाहेर आलं की थांबावं, आणि सीलंट सुकल्यावर पुन्हा आवळू नये, धरलेली पकड सुटते. नळीला एकाऐवजी दोन स्टेनलेस क्लिपा, त्यांचे स्क्रू विरुद्ध बाजूंना. स्वस्त क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते पण स्क्रू लोखंडी. लहान लोहचुंबक खिशात ठेवलं की ते दुकानातच कळतं.

बोट परत पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे सैल पडले तरी सोडू नयेत. बोट तरंगू लागली की आत जाऊन प्रत्येक जोडाभोवती टिपकागद फिरवावा, व्हॉल्व्ह एकेक करून उघडावेत आणि कागद पुन्हा फिरवावा. सगळे कोरडे निघाले की मगच पट्टे काढायला सांगावं. संध्याकाळी एकदा, दुसऱ्या सकाळी एकदा, आणि पुढे महिन्यातून एकदा प्रत्येक दांडा पूर्ण उघडून बंद करावा, कारण न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी अडकतो.

पुढच्या भागात : धरणाच्या पोटातला दरवाजा. बोर धरणाचं पाणी कालव्यात सोडतात ते नेमकं कसं.