नैरोबीच्या ‘स्टॅन्ली’ हॉटेलांत पांच रात्री

परगांवीं जावयाचें ठरलें, कीं आमच्या नौपाड्याच्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘उतरणार कोठें?’ हा. पुण्यास मावशी, नाशकास मामा, कोल्हापुरास व्याही. आणि जेथें नात्याचें कोणी नाहीं तेथें धर्मशाळा किंवा ओळखीच्या गृहस्थाची चिठ्ठी, अशी ही जुनी व्यवस्था. तिच्यांत वाढलेल्या माणसास हॉटेलांत राहणें म्हणजे थोडेंसें उघड्यावर पडल्यासारखेंच वाटतें. आमचे चिरंजीव पाण्याच्या पंपांच्या व्यापारांत असून वर्षांतून दोनदां त्यांस केनियाच्या राजधानीस, नैरोबीस, जावें लागतें. गेल्या वर्षीं त्यांनीं आम्हां उभयतांस बरोबर चलण्याचा आग्रह केला, तेव्हां आमच्या मनांत प्रथम नकारच होता. त्याचा होकार झाला तो त्यांच्या उतरण्याच्या हॉटेलाचें नांव ऐकून. ‘स्टॅन्ली’ हें नांव आमच्या घराण्यास नवें नव्हतें.

आमच्या आजोबांचे धाकटे बंधु १९३४ सालीं मुंबईहून आगबोटीनें मोंबासा बंदरीं गेले आणि पुढें आगगाडीनें नैरोबीस जाऊन तेथील एका कचेरींत हिशेबनीस म्हणून राहिले. कुटुंब ठाण्यासच होतें. ते स्वतः १९५१ सालीं कायमचे परतले. घरांत त्यांस ‘आफ्रिकेचे आजोबा’ म्हणत. त्यांनीं धाडलेलें एक चित्राचें कार्ड त्यांच्या कन्येनें, म्हणजे आमच्या आत्याबाईंनीं, अजून जपून ठेवलें आहे. त्यावर ‘न्यू स्टॅन्ली’ हॉटेलाचें छायाचित्र आहे. आजोबा या हॉटेलाविषयीं पुष्कळ बोलत. समोरचा रस्ता किती रुंद, संध्याकाळीं मोटारींची रांग कशी लागे, द्वारपालाचा पोशाख कसा, हें सारें ते बारकाईनें सांगत. मात्र ‘आंत काय आहे?’ असें विचारलें, कीं ते पानाचा डबा उघडीत आणि विषय पालटीत. आजोबांस वर्णनाचा कंटाळा येत असावा, असें आम्हांस लहानपणीं वाटे.

निघण्यापूर्वीं आत्याबाईंच्या पायां पडावयास गेलों. त्यांचें वय आज ८९ वर्षांचें आहे. गोखले रस्त्याच्या मागल्या अंगास त्यांचें घर. त्यांनीं तें कार्ड आमच्या हातीं दिलें व एवढेंच म्हटलें, ‘आंतून कसें आहे तें नीट पाहून ये, आणि आल्यावर मला सांग.’

प्रवासाविषयीं एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. केनियास जाणाऱ्यानें पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घेऊन तिचा दाखला जवळ बाळगावा. नाहीं तर परततांना आपल्याच विमानतळावर अडकून पडण्याचा प्रसंग येतो. बाकी प्रवास सुखाचा. आजोबांस समुद्रावर कित्येक दिवस काढावे लागत. आम्ही मुंबईहून सुमारें सहा तासांत पोंचलों आणि घड्याळ अडीच तास मागें केलें. नैरोबी विषुववृत्तापासून जवळ असूनही हवा थंड, कारण शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५,९०० फूट उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही हजारावर फूट वर आहे. मसाई लोकांच्या भाषेंत ‘नैरोबी’ या शब्दाचा मूळ अर्थच थंड पाणी असा आहे.

ठाणेंकरास या गांवाविषयीं आपुलकी वाटावी असें आणखी एक कारण आहे. आपल्याकडे गांव आधीं होतें आणि १८५३ सालीं त्यास आगगाडी मिळाली. नैरोबी हें गांव मात्र १८९९ सालीं आगगाडीनेंच जन्मास घातलें. तो लोहमार्ग घालण्यासाठीं हिंदुस्थानांतून तीस हजारांवर मजूर नेले होते. त्यांपैकीं सुमारें अडीच हजार तेथेंच मृत्यु पावले.

हॉटेलाची कथा त्या नव्या गांवाबरोबरच सुरू होते. १९०२ सालीं मेयन्स बेंट नांवाच्या एका इंग्रज बाईनें तें काढलें, आणि आफ्रिकेंत फिरलेल्या हेन्री मॉर्टन स्टॅन्ली या प्रवाशाचें नांव त्यास दिलें. आरंभींच्या वर्षांतच तें आगींत सांपडलें. पुढें १९१३ सालीं सध्यांच्या जागीं ‘न्यू स्टॅन्ली’ उभें राहिलें. लिथुएनियाकडून रिकाम्या हातीं आलेल्या एब्राहाम ब्लॉक या ज्यू गृहस्थानें १९४७ सालीं तें विकत घेतलें. तरुणपणीं याच बाईंच्या हॉटेलास त्यानें गाद्या भरून दिल्या होत्या, अशी कथा तेथें सांगतात. १९५४ सालीं शहराच्या रोखेबाजाराचा आरंभ याच वास्तूंत झाल्याचें सांगतात. येथील मद्यगृहाचें ‘एक्स्चेंज’ हें नांव त्याचीच आठवण आहे. आम्ही तेथें लिंबाचें सरबत घेतलें, हें वाचकांच्या समाधानासाठीं नमूद करतों.

रस्त्याच्या अंगास जें उपाहारगृह आहे, तें १९५९ सालीं सुरू झालें. त्याच्या मध्यभागीं आपल्या बाभळीच्या जातीचें, पिवळसर सालीचें एक झाड आहे. रानावनांत जाणारे प्रवासी आपल्या मागून येणाऱ्या सोबत्यांसाठीं त्या झाडाच्या बुंध्यावर चिठ्ठ्या लावून ठेवीत. मूळचें झाड आतां नाहीं. त्याच्या जागीं पुढें लावलेलें झाड उभें आहे.

सकाळीं न्याहारीच्या दालनांत पाहावें, तों सगळीकडे व्यापार चाललेला. एका मेजावर चहाच्या भावाची बोलणीं, दुसऱ्यावर विम्याचीं, तिसऱ्यावर आमचे चिरंजीव आपल्या गिऱ्हाइकांसमोर पंपाचीं चित्रें उलगडून बसलेले. शाकाहाराची आमच्या सौभाग्यवतींस मोठी धास्ती होती. परंतु वाढप्यानें ‘चपाती’ आणि ‘चाय’ हे शब्द उच्चारतांच त्यांचा चेहरा खुलला. स्वाहिली भाषेंत असे शब्द पुष्कळ आहेत. दुकानास ‘दुका’, पैशास ‘पेसा’, मोटारीस ‘गारी’, रंगास ‘रांगी’, हिशेबास ‘हेसाबू’ आणि सरकारास ‘सेरिकाली’ म्हणतात. कांहीं शब्द हिंदुस्थानांतून गेलेले, तर कांहीं अरबी-फारशींतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. ‘सुकुमा विकी’ नांवाची एक पालेभाजी तेथें घरोघर होते. या नांवाचा अर्थ ‘आठवडा ढकल’ असा आहे. महिनाअखेर ओढाताण करणाऱ्या गृहिणींस तो अर्थ समजावून सांगणें नको.

तिसऱ्या दिवशीं न्याहारी आटोपल्यावर आम्ही आत्याबाईंचें कार्ड हातांत धरून भिंतीवरील जुन्या नैरोबीच्या छायाचित्रांशीं ताडून पाहत होतों. दालनाचे प्रमुख जवळ आले. हे पन्नाशीचे किकुयू गृहस्थ, बोलण्यांत अतिशय सौम्य. आम्हीं त्यांस आजोबांची हकीकत सांगितली आणि पुसलें, कीं आजोबांच्या वेळीं हें दालन कोणत्या बाजूस असेल? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तें त्यांस ठाऊक असणें शक्य नाहीं. त्या काळीं येथें आशियाई माणसास खोली नव्हती आणि जेवणाचें मेजही नव्हतें.’

पानाचा डबा कां उघडला जाई, तें आम्हांस त्या वेळीं कळलें. सतरा वर्षें त्या दारावरून जाणाऱ्या माणसानें घरच्यांस दाराबाहेरचें सर्व कांहीं सांगितलें. आंतलें सांगण्याजोगें त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें, आणि तें कां नव्हतें हें मुलांस सांगणें त्यास नको होतें. एकाच कचेरींत युरोपियन, हिंदी आणि आफ्रिकन यांस पगार तीन प्रकारचे. राहण्याच्या वस्त्या निरनिराळ्या. हॉटेलांचीं दारें निराळीं, असा तो काळ होता. हॉटेलांतील हा वर्णभेद सैल पडूं लागला तो १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. देश स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ रोजीं.

आमच्या मुद्रेवरील खिन्नता पाहून ते गृहस्थ हंसले आणि म्हणाले, ‘तुमचे आजोबा निदान समोरच्या रस्त्यानें मोकळेपणीं चालत होते. माझ्या आजोबांस त्यासाठींही गळ्यांत किपांडे बाळगावें लागे.’ किपांडे म्हणजे पत्र्याच्या डबींतला परवाना. १९२० सालच्या सुमारापासून पुढें पाव शतकाहून अधिक काळ प्रौढ आफ्रिकन पुरुषास स्वतःच्याच देशांत तो जवळ बाळगण्याची सक्ति होती. आम्ही कांहीं बोलूं शकलों नाहीं. आपलें गाऱ्हाणें मांडावयास जावें आणि समोरच्याचें त्याहून मोठें निघावें, असा तो प्रसंग होता.

त्या दुपारीं आम्हांस आपासाहेब पंतांची आठवण झाली. औंधचे राजे भवानराव, ज्यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार घरोघर केला, त्यांचे हे चिरंजीव. महात्माजींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं औंधच्या प्रजेस स्वराज्याची घटना देण्यांत आली, त्या कार्यांत आपासाहेबांचा वांटा मोठा होता. १९४८ पासून १९५४ पर्यंत ते स्वतंत्र हिंदुस्थानचे आयुक्त म्हणून नैरोबीस होते. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी शस्त्रवैद्य होत्या. शहरांतील दारें वर्णावर ठरत असतां या मराठी जोडप्यानें आपलें घर सर्व वर्णांच्या पाहुण्यांस मोकळें ठेवलें. आणि येथील हिंदी लोकांनीं आपलें हित आफ्रिकनांच्या हिताशीं जोडावें, असें आपासाहेब सांगत राहिले. गोऱ्या सरकारास तें रुचलें नाहीं व अखेर त्यांस तेथून जावें लागलें.

आपासाहेबांचा अभिमान वाटला खरा, पण रात्रीं निजतांना मन स्वस्थ राहिना. आजोबांवरील अन्याय आम्हांस झोंबला. परंतु त्याच काळीं आमच्या वडिलांनीं विद्यार्थिदशेंत दोन वर्षें ज्या खाणावळींत जेवण घेतलें, तिच्या दारावर ‘फक्त ब्राह्मणांसाठीं’ अशी पाटी होती. ती पाटी घरांत कोणास खटकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. १९१७ सालीं अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हां त्यांच्यापुढेंही हाच प्रश्न होता: उतरणार कोठें? एकाही हिंदु हॉटेलानें त्यांस जागा दिली नाहीं. एका पारशी उतारगृहांत ते पारशी नांवानें राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस तेथूनही बाहेर काढलें. तें शहर परमुलखांतलें नव्हतें, आणि तीं दारें बंद करणारे गोरेही नव्हते. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचा नांवानें उल्लेख कां करावा लागला, हें त्या रात्रीं आम्हांस नव्यानें उमगलें. दार बंद झाल्याचें दुःख बाहेर उभ्या असलेल्यासच कळतें. आंत बसलेल्यास तें दार आहे हेंही दिसत नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पैसे चुकते करतांना चिरंजीवांनीं सांगितलें, कीं हें हॉटेल १९७८ सालीं ‘सरोवा’ या संस्थेकडे आलें आणि ती केनियांतल्याच भारतीय वंशाच्या कुटुंबाची आहे. काळाचें चक्र असें फिरतें! तथापि त्याहूनही आम्हांस बरें वाटलें तें न्याहारीचें दालन आठवून. तेथें कोण कोणत्या वर्णाचा म्हणून कोठें बसला आहे, हें पाहण्याची कोणास गरज नव्हती.

ठाण्यास आल्यावर दुसऱ्याच दिवशीं आत्याबाईंकडे गेलों. कार्ड परत केलें आणि आंतलें सारें सांगितलें: भिंतीवरचीं चित्रें, कातड्याच्या खुर्च्या, चपाती, झाड आणि चिठ्ठ्या. किकुयू गृहस्थांचें बोलणेंही लपविलें नाहीं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. वडिलांविषयीं त्या कांहीं विचारतील असें वाटलें होतें. पण त्यांनीं विचारलें तें एवढेंच:

‘आतां तेथें कोण कोण बसतें?’

‘आत्या, सगळेच बसतात,’ आम्हीं म्हटलें.

‘मग ठीक झालें,’ असें म्हणून त्यांनीं कार्ड पुन्हां पेटींत ठेवलें.