‘सभागृहात आवाज उठवला’ हे खरं की खोटं? आमदार-खासदारांच्या बोलण्याची नोंद अशी शोधा

निवडणूक जवळ आली की गावोगावी एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तुमचा प्रश्न मी सभागृहात मांडला.’ कधी हा दावा फलकावर असतो, कधी कार्यअहवालात, तर कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावच्या मतदाराला तो तपासून पाहायचा असेल, तर मुंबई किंवा दिल्ली गाठायची गरज नाही. विधिमंडळ आणि संसद या दोन्ही ठिकाणच्या कामकाजाची नोंद ऑनलाइन आहे आणि ती पाहायला पैसे लागत नाहीत.

तरीही बहुतेक जण पहिल्याच प्रयत्नात रिकाम्या हाताने परततात. ‘साखरा’ टाइप केलं, काही आलं नाही, म्हणजे कुणी काही बोललंच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा असू शकतो.

नोंद कोण ठेवतं?

सभागृहात बोललेला शब्द न् शब्द सचिवालयाचे प्रतिवेदक टिपून घेतात. आधी येते ती असुधारित प्रत. ती तपासून अंतिम कार्यवृत्त तयार होतं. लोकसभा आणि राज्यसभेची कागदपत्रं ‘संसद’ या संकेतस्थळावर आहेत. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात तर ब्रिटिश काळातल्या केंद्रीय कायदेमंडळापासूनच्या चर्चा आहेत. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाची कागदपत्रं मिळतात.

आधी सभागृह ठरवा

साखरा हिंगोली विधानसभा मतदारसंघात येतं. २०१४ पासून इथले आमदार तान्हाजी मुटकुळे आहेत. लोकसभेचा मतदारसंघही हिंगोलीच, पण तो तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे : हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेड जिल्ह्यातले हदगाव आणि किनवट, आणि यवतमाळमधलं उमरखेड. इथून २०१४ मध्ये राजीव सातव, २०१९ मध्ये हेमंत पाटील आणि २०२४ मध्ये नागेश पाटील आष्टीकर निवडून आले.

त्यामुळे पहिला प्रश्न असा, की विषय कुणाच्या अखत्यारीतला? गावचा रस्ता, आरोग्य केंद्र, पाझर तलाव, शाळेच्या वर्गखोल्या हे राज्याचे विषय. ते विधानसभेत किंवा विधान परिषदेत सापडतील. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, आयात-निर्यात हे विषय संसदेत. पीक विम्यासारखी योजना दोन्हीकडे निघते, कारण पैसा केंद्राचाही असतो आणि राज्याचाही.

आणखी एक गोष्ट. गावचा विषय गावच्याच आमदाराने मांडलेला असेल असं नाही. विधान परिषदेत परभणी-हिंगोली स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचा वेगळा सदस्य असतो, शिवाय पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचेही असतात. म्हणून फक्त एका नावाने शोधलं, तर निम्मी नोंद हातातून सुटते.

कोणता शब्द टाकायचा?

विधिमंडळातल्या प्रश्नांची एक ठरलेली भाषा असते. गावाचं नाव साधारणपणे ‘मौजे साखरा (ता.सेनगाव, जि.हिंगोली)’ अशा पद्धतीने लिहितात. साखरा नावाची गावं इतर जिल्ह्यांतही आहेत, त्यामुळे तालुक्याच्या नावाने शोधणं जास्त खात्रीचं. त्यातही ‘ता.’ आणि ‘सेनगाव’ यांच्यात कधी जागा सोडलेली असते, कधी नसते. म्हणून नुसतं ‘सेनगाव’ टाकणं बरं. जुन्या अनेक पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो असतात किंवा जुन्या फॉन्टमधल्या असतात. त्यांत शब्द असला तरी मोबाइलला तो दिसत नाही. अशा वेळी अधिवेशनाची तारीख धरून यादी डोळ्यांनीच चाळावी लागते.

संसदेत अडचण भाषेची आहे. घटनेच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचं कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. अध्यक्षांच्या परवानगीने सदस्य मातृभाषेत बोलू शकतो, मात्र मराठी भाषणाचा बहुधा अनुवाद छापला जातो आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची टीप खाली असते. म्हणजे खासदार मराठीत बोलले असले, तरी शोध हिंदी आणि इंग्रजीत घ्यायचा. वसमतचं इंग्रजी स्पेलिंग कुठे ‘बी’ने, कुठे ‘व्ही’ने सुरू होतं. दोन्ही करून पाहावं लागतं.

तिसरी अडचण मंत्रालयाची. हळद हे हिंगोलीचं महत्त्वाचं पीक. त्यामुळे हळदीचे प्रश्न कृषी मंत्रालयाकडे शोधले जातात. पण मसाला मंडळ आणि राष्ट्रीय हळद मंडळ या दोन्ही संस्था वाणिज्य मंत्रालयाखाली येतात. तिथे न पाहता ‘हळदीवर कुणी बोलत नाही’ म्हणणं घाईचं ठरेल. औंढा नागनाथ तालुक्यातल्या लायगो प्रकल्पाचंही तसंच. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्राने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. विषय विज्ञानाचा वाटतो, पण त्याची बरीच उत्तरं अणुऊर्जा विभागाकडून येतात.

उत्तर कसं वाचायचं?

विधिमंडळातला प्रश्न सहसा असा असतो : अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? त्यावर उत्तर येतं : ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः खरे आहे’ असं दिसलं, तर पुढची ओळ नीट वाचावी. सरकारने नेमकं किती मान्य केलं, ते तिथेच कळतं.

प्रश्न कोणत्या मार्गाने आला हेही पाहायला हवं. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी असतं. लक्षवेधी सूचनेवर मंत्र्याला निवेदन करावं लागतं. औचित्याचा मुद्दा किंवा संसदेतला शून्य प्रहर यात सदस्य विषय मांडतो, पण मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन नसतं. चारही प्रकारांत ‘आवाज उठवला’ म्हणता येतं. सरकारचं उत्तर मात्र चारही ठिकाणी सारखं मिळत नाही.

प्रश्नांची संख्या म्हणजे काम का?

खासदारांची तुलना बऱ्याचदा प्रश्नसंख्येवर होते. सोळाव्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये हिंगोलीच्या राजीव सातव यांचं नाव होतं. आकडा उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा आहेत.

लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नच यादीत येतात. कुणाचे घ्यायचे ते सोडतीने ठरतं. एका सदस्याचे दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रश्न लागू शकतात आणि त्यातला एकच तारांकित. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात मोजला जातो. मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, त्यामुळे त्याच्या नावासमोर शून्य दिसलं तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून आकडा पाहून न थांबता चार-पाच प्रश्न उघडून वाचावेत. प्रश्न जिल्ह्याचा होता की देशभराची आकडेवारी मागणारा, ते लगेच कळतं.

व्हिडिओत आहे, पण नोंदीत नाही

असंही होतं. असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांना असतो. संसदेच्या नोंदीत त्या जागी फुल्या दिसतात. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने बिहार विधानसभेतून वगळलेला मजकूर छापला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५८ मध्ये न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार मान्य केला. त्यामुळे फिरणारी क्लिप अस्सल असली, तरी तिच्यातला मजकूर अधिकृत नोंदीत असेलच असं नाही. उलटही घडतं. काही वेळा अध्यक्षांच्या परवानगीने सदस्य लेखी भाषण पटलावर ठेवतात. ते नोंदीत असतं, पण व्हिडिओत ऐकू येत नाही.

सापडलं, पुढे काय?

सर्वात उपयोगाची वाक्यं अनेकदा सर्वात कंटाळवाणी असतात. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘लवकरच कार्यवाही करण्यात येईल’. मंत्र्याने सभागृहात दिलेला असा शब्द आश्वासन मानला जाऊ शकतो. संसदेत आश्वासन पूर्ण करण्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि त्याचा पाठपुरावा करायला समिती असते. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे.

म्हणून प्रश्न क्रमांक, तारीख, सभागृह आणि मंत्र्याचं खातं या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. ‘रस्त्याचं काय झालं?’ या अर्जाला मोघम उत्तर देता येतं. अमुक तारखेला अमुक प्रश्नाच्या उत्तरात काम मंजूर असल्याचं सांगितलं, त्या कामाचा आदेश आणि आजवरचा खर्च द्यावा, असा माहिती अधिकाराचा अर्ज केला, तर कार्यालयाला टाळाटाळ करणं अवघड जातं. ग्रामसभेच्या ठरावाला किंवा आमदारांना दिलेल्या निवेदनालाही हाच कागद जोडता येतो.

नीट शोधूनही काहीच मिळालं नाही, तर पुढच्या अधिवेशनाआधी लोकप्रतिनिधीकडे जाऊन सांगता येतं, की हा विषय अजून सभागृहाच्या नोंदीत नाही, तो मांडा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन देऊन फारसा उपयोग होत नाही, ते आधीच हातात पडायला हवं.