स्वस्त परदेशी माल : घ्यावा की न घ्यावा?

स्वस्त ते विषारी आणि महाग ते निर्भेळ, असे समीकरण पुष्कळांच्या मनात असते. आम्हांस ते मान्य नाही. चाळीतल्या माणसाने स्वस्त घेऊ नये, तर घ्यावे तरी काय? पाहावयाचे ते इतकेच की, मालामागे जबाबदार म्हणून कोण उभा आहे.

२००८ साली चीनमध्ये काय घडले पाहा. दुधात पाणी घातले की प्रथिने कमी भरतात. पण तपासनीस प्रत्यक्ष प्रथिने मोजीत नसत; नायट्रोजन मोजून त्यावरून हिशेब मांडीत. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. ते मिसळले की कागदावर दूध उत्तम! सुमारे ३ लाख अर्भके आजारी पडली, कित्येकांना मूतखडे झाले, ६ दगावली. चव, वास, रंग यांवरून कोणत्याही आईला हे कळणे शक्य नव्हते. त्याच वर्षी भारताने चिनी दुधाची आयात बंद केली.

म्हणून डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. तारखेवर चिठ्ठी डकवलेली दिसली, तर डबा जागच्या जागी ठेवावा. पावती मागावयास लाजू नये.

कापडाचे भय निराळे. काही अ‍ॅझो रंगांतून बेंझिडीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये सुटतात. भारताने अशा ११२ रंगांना बंदी केली आहे. नवा कपडा धुऊनच घालावा. सुटा रंग निघून जातो, पण बंदीचा रंग धुण्याने निर्धोक होत नाही. अन् रंगाच्या कारखान्यांतील कामगारांचा मूत्राशयाचा कर्करोग रेन या जर्मन शल्यवैद्याने १८९५ सालीच नोंदला होता. गिऱ्हाइकाचा क्रम त्यांच्यानंतरचा.