रेषेबाहेर पळणारा फटका

ओहायोतल्या या गवताळ मैदानावर आज 1870च्या दशकातल्या नियमांनी बेसबॉल चालला आहे. खेळाडूंच्या अंगात जाड सदरे, हातात ग्लोव्ह मात्र कुणाच्याच नाही. पिचर 45 फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकतो. शॉर्टस्टॉप उघड्या तळव्यांवर सणसणीत चेंडू अडवतो आणि तळवे मांडीवर चोळत जागेवर जातो.

आता एक ठेंगणा बॅटर पुढे येतो. चेंडू उंच हवा की खाली, हे मागायचा त्याला हक्क आहे. तो म्हणतो, "उंच." चेंडू येताच तो बॅट वरून खाली आणतो. चेंडू होम प्लेटसमोर जमिनीवर आपटतो आणि फिरकी घेत तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर सरपटत सुटतो. आजच्या नियमाने हा फाउल. पण अंपायर ओरडतो, "फेअर!" पहिला टप्पा रेषेच्या आत पडला, एवढं इथे पुरतं. तिसऱ्या बेसवरचा गडी चेंडूमागे धावतो, तोवर बॅटर पहिल्या बेसवर पोचलेला असतो.

"बार्न्सचा फटका!" शेजारी बसून गुणवही भरणारे आजोबा खुशीत म्हणतात.

शिकागोचा रॉस बार्न्स. 1876मध्ये नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात तो फलंदाजीत अव्वल ठरला: 322 संधींत 138 फटके, सरासरी .429. या फटक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढच्या वर्षी नियम बदलला. बेसपर्यंत पोचण्याआधीच रेषेबाहेर जाणारा चेंडू फाउल ठरू लागला. बार्न्सची सरासरी .272वर आली. त्याची सद्दी नियमाने संपवली, असं लोक आजही म्हणतात. पण त्या वर्षी तो हिवतापाने खंगला होता, जेमतेम 22 सामने खेळला, हे कुणी सांगत नाही.

मैदानात तिसऱ्या बेसवरचा गडी आता रेषेला चिकटून उभा आहे. त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या मध्ये मोठी फट पडली आहे. पुढचा बॅटर नेमका त्या फटीतून चेंडू काढतो. आत्ता कळतं, बार्न्सच्या त्या फटक्याची धास्तीही धावा मिळवून देत असणार.

मग आणखी दोघे तोच फटका मारून बघतात. एकाचा चेंडू पहिल्याच टप्प्याला बाहेर पडतो, दुसऱ्याचा सरळ पिचरच्या हातात जातो. नियम तर सगळ्यांना एकच आहे! 1876मध्येही तो सगळ्यांना एकच होता, आणि तरी .429 एकट्या बार्न्सची. त्या आकड्याला पळवाट म्हणणाऱ्याने इथे येऊन एकदा बॅट हातात घ्यावी.