मोठे टायर आणि क्राउन-पिनियनचे गणित

चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगांस, तसेच पावसाळ्यात लाल चिखलाने भरणाऱ्या आडवाटांवर, जीप व लहान ट्रक यांना मूळ मापापेक्षा मोठे, खोल नक्षीचे टायर बसविण्याकडे वाहनधारकांचा ओढा दिसतो. गाडी उंच होते, खड्ड्यात चाक कमी आपटते, चिखलात पकड मिळते. हे लाभ खरे आहेत. तथापि, टायर बदलल्यावर ‘गाडी चढणीला ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन हाच वाहनधारक मिस्त्रीकडे येतो, आणि दोष बहुधा इंजिनास दिला जातो. वस्तुतः इंजिन पूर्वीचेच असते; बदललेले असते ते चाकाचे माप.

इंजिनाचा फेर गिअरबॉक्समधून ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलमध्ये येतो. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरविते. पिनियनला ८ दाते व क्राउनला ३९ दाते असतील, तर पिनियनचे सुमारे ४.८८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. यासच ॲक्सलचे गुणोत्तर म्हणतात. गुणोत्तर जितके मोठे, तितकी चाकाची ओढ अधिक व वेग कमी.

याचे बोलके उदाहरण जीपच्याच इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचे गुणोत्तर ४.८८ होते. १९४५ मध्ये तीच गाडी शेतकऱ्यांसाठी नागरी रूपात आली, तेव्हा टायर पूर्वीच्याच ६.००-१६ मापाचे राहिले. पण नांगर व गाडे ओढावयाचे असल्याने गुणोत्तर ५.३८ करण्यात आले, म्हणजे ८ दात्यांच्या पिनियनला ४३ दात्यांचे क्राउन. भारतात पुढे तयार झालेल्या जीपगाड्या याच घराण्यातील होत.

आता समजा, ४.८८ गुणोत्तराच्या गाडीचे २८ इंच व्यासाचे टायर काढून ३१ इंचांचे बसविले. एका फेऱ्यात चाक पूर्वी सुमारे ८८ इंच जात असे, आता ते ९७ इंच जाईल. जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे दहा टक्क्यांनी घटेल. मूळची ओढ परत हवी असल्यास ४.८८ ला ३१ ने गुणून २८ ने भागावे. उत्तर ५.४० येते, आणि ५.३८ ची जोडी त्यास पुरेशी जवळची आहे. व्यास छापील मापावरून काढण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणे बरे. भरलेल्या गाडीच्या टायरवर खडूची खूण करून गाडी सपाट जमिनीवर एक फेरा ढकलावी व दोन खुणांमधील अंतर टेपने घ्यावे. शाळेतील मुलांना परीघ शिकविण्यासही हा प्रयोग उत्तम!

उंचीविषयी मात्र एक गैरसमज आढळतो. व्यास ३ इंचांनी वाढला तरी ॲक्सल जमिनीपासून केवळ दीड इंचच वर जातो. त्या दीड इंचासाठी किती खर्च करावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या गाडीला वर्षातून चारच वेळा चिखलात जावे लागते, तिला मूळ मापाचेच पण चांगल्या नक्षीचे टायर पुरतात.

सर्वांत महत्त्वाची बाब ब्रेकची आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीस जो अटकाव करते, तो मोठ्या टायरने घटतो. योग्य क्राउन-पिनियन बसविल्यास तो परत मिळतो. परंतु पायाच्या ब्रेकचे तसे नाही. त्याचे ड्रम चाकापाशी, म्हणजे डिफरन्शियलच्या पुढे असतात. चाक मोठे झाले की तेवढ्याच दाबात ब्रेकचा जोर कमी पडतो, आणि गुणोत्तर बदलून ही उणीव भरून निघत नाही. भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्या चालकाने हे विसरू नये.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत पुढील व मागील ॲक्सलचे गुणोत्तर सारखेच असावे लागते. एकच बदलल्यास फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल परस्परांशी झगडतात आणि दाते वा शाफ्ट तुटतात. म्हणून खर्च दोन जोड्यांचा धरावा; स्टेपनीही नव्या मापाचीच असावी. क्राउन व पिनियन कारखान्यात जोडीने जुळविलेली असतात. एकीचे क्राउन व दुसरीचे पिनियन कदापि बसवू नये.

केवळ टायर बदलले, तर स्पीडोमीटर ५० दाखवील तेव्हा गाडी ताशी ५५ किलोमीटरने धावत असेल, आणि लॉगबुकात १०० किलोमीटर नोंदले जातील तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १११ झालेले असतील. इंधनाचा हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जुन्या जीपमध्ये स्पीडोमीटरची केबल ॲक्सलच्या अलीकडे जोडलेली असल्याने गुणोत्तर जुळताच नोंदही जवळजवळ दुरुस्त होते; चाकापाशी वेग मोजणाऱ्या नव्या गाड्यांत तसे घडत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. सबब टायर विकत घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीसही लेखी कळवावे.